विठ्ठलवाडी ते मरोळ: गेम प्रोग्रॅमरचा एक दिवस

सकाळी ६:२०
विठ्ठलवाडीला मुंबईकडची लोकल येते ती बदलापूर-अंबरनाथची माणसं घेऊन, भरलेलीच. म्हणून मी आधी उलट अंबरनाथला जाते आणि तिथून सुटणारी गाडी पकडते. पास अंबरनाथपासूनचा काढावा लागतो, पण बसायला मिळतं आणि घाटकोपर येईपर्यंत वाचता येतं. सध्या वाचतेय क्वाटर्नियन. त्रिमितीतली वस्तू तीन वेगवेगळ्या कोनांनी फिरवायला गेलं की एका ठिकाणी दोन अक्ष एकमेकांवर येतात आणि फिरायची एक दिशाच हरवते. त्यावरचा उपाय हॅमिल्टन नावाच्या आयरिश गणितज्ञाने १८४३ साली मांडलेल्या याच संख्यांमध्ये आहे. आमच्या गेममधलं विमान कलंडून अडकतं ते याच कारणाने. आज ते सोडवायचंच आहे.

आज आणखी एक काम आहे. शेजारच्या काकू रात्री मुलाला घेऊन येणार आहेत. त्याची बारावी झाली, त्याला गेम बनवायचेत, आणि डिग्री कोणती घ्यायची ते घरात ठरत नाहीये. मेपासून जुलैपर्यंत आमच्या इमारतीत हाच विषय असतो. नुसतं मत ऐकवण्यापेक्षा माझ्या आजच्या दिवसात डिग्रीतलं काय खरोखर वापरलं गेलं, तेच त्याला सांगायचं ठरवलंय.

९:४५
घाटकोपरला उतरून मेट्रोने मरोळ. स्टुडिओ लहान आहे, मोबाइलचे गेम करतो. दहाला उभ्यानेच मीटिंग होते: काल काय झालं, आज काय करणार, कुठे अडलंय.

१०:१५
गेम महागड्या फोनवर लोण्यासारखा चालतो आणि तीन जीबी रॅमच्या फोनवर अडखळतो. आपल्याकडे पुष्कळांच्या हातात हा दुसरा फोन असतो, त्यामुळे माझी सकाळ त्याच्यासाठीच असते. सेकंदाला ६० चित्रं दाखवायची तर एका चित्राला साधारण साडेसोळा मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात शत्रूंनी विचार करायचा, गोळ्या पुढे सरकायच्या, टक्कर झाली का ते तपासायचं आणि सगळं रंगवून पडद्यावर यायचं. कुठे किती वेळ जातो ते दाखवणारा प्रोफायलर लावला तर दोष लगेच दिसला. प्रत्येक गोळीसाठी नवी वस्तू तयार होते, लागली की टाकून दिली जाते, आणि हा कचरा उचलायला सिस्टिम मध्येच थांबते. मी वीस-तीस गोळ्या आधीच करून ठेवल्या आणि पंगतीत ताटं विसळून पुन्हा मांडतात तशा त्याच फिरवल्या. अडखळणं गेलं.

हे मला कोणत्या गेमिंगच्या कोर्सने शिकवलं नाही. बी.एस्सी.ला मेमरी, स्टॅक, हीप, डेटा स्ट्रक्चर्स शिकले होते, त्यातून हे सुचलं. मी घरापासून एका स्टेशनावर, उल्हासनगरच्या सीएचएम कॉलेजमध्ये कॉम्प्युटर सायन्स केलं. मुंबई विद्यापीठाच्या माझ्या वेळच्या अभ्यासक्रमात तिसऱ्या वर्षी गेम प्रोग्रॅमिंगचा पेपरही होता: व्हेक्टर, मॅट्रिक्स, डायरेक्टएक्स, शेवटी युनिटी हे गेम इंजिन. तो एकच पेपर नावाने गेमचा होता. कामाला मात्र पहिल्या दोन वर्षांचं गणित त्याच्याहून जास्त आलं.

१२:००
शत्रूला खेळाडू दिसतो की नाही? शत्रूचं तोंड जिकडे आहे तो एक व्हेक्टर, खेळाडूकडे जाणारा दुसरा, दोघांचा डॉट गुणाकार घ्यायचा. उत्तर धन आलं तर खेळाडू समोर, ऋण आलं तर पाठीमागे. बारावीतलं गणित. दिसला, तर त्याच्यापर्यंत जायचा रस्ता शोधायचा ए-स्टार पद्धतीने. ही १९६८ सालची, आणि शेकी नावाच्या यंत्रमानवाच्या प्रकल्पातून आलेली. इंजिनं दर दोन-चार वर्षांनी बदलतात, पण ही गणितं बदललेली नाहीत. म्हणून तीन-चार वर्षं आणि आईवडिलांचे पैसे घालायचे तर ते यांच्यावर घालावेत, असं मला मनापासून वाटतं.

१:३०
डबा. आम्ही जेवायला बसतो त्या टेबलावर प्रोग्रॅमर अल्पसंख्याक आहेत, हे त्या मुलाला सांगायलाच हवं. पात्रं काढणारी मुलगी जे. जे. स्कूल ऑफ आर्टची, चित्रकलेची सीईटी देऊन गेलेली. खेळाचे नियम आणि टप्पे ठरवणारा डिझायनर मानसशास्त्र शिकलेला. आवाजाचं बघणारा घरी तबला वाजवतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ हा गेम २०२० साली आला तेव्हा जगभरच्या लोकांनी त्यातल्या वाड्या-मंदिरांच्या वास्तू आणि पहाडी शैलीची चित्रं नावाजली. ते काम चित्रकाराचं आहे. ‘गेम बनवायचेत’ म्हणणाऱ्याला मी आधी विचारते की त्यातलं काय बनवायचंय. या उत्तरावर डिग्री ठरते. चित्र असेल तर बीएफए. डिझाइन असेल तर यूसीड ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागाचं बी.डेस. एनआयडीत डिजिटल गेम डिझाइनचं एम.डेस. आहे, पण ते पदवीनंतरचं. कोड असेल तर कॉम्प्युटर सायन्स.

३:००
गेम मराठीत निघतोय आणि बटणांवरची अक्षरं फुटलीत. ऱ्हस्व इकार अक्षराच्या उजवीकडे पडतोय, जोडाक्षरं सुटी झालीत. परीक्षा म्हणून मी ‘विठ्ठलवाडी’ टाइप करते, त्यात दोन्ही अडचणी एकदम येतात. संगणक इकार व्यंजनानंतर साठवतो, दाखवताना तो अलीकडे आणावा लागतो. हे काम अक्षरं जुळवणारा वेगळा प्रोग्रॅम करतो, आणि युनिटीच्या नेहमीच्या मजकुराच्या सोयीत तो नाही. संध्याकाळपर्यंत अर्धी बटणं सुधारली. यासाठी मराठी नीट येणारा प्रोग्रॅमर लागतो.

५:००
आम्हाला एक ज्युनियर हवाय. अर्ज बघून अर्जदारांशी बोलायला बसले. ‘गेमिंग’चा महागडा डिप्लोमा आणि रंगीत प्रमाणपत्र असलेल्या मुलाला दोन व्हेक्टरमधला कोन काढता आला नाही. मला वाईट वाटलं, कारण तो कष्टाळू होता, त्याला ते कुणी शिकवलंच नव्हतं. कॉमर्स झालेल्या एका मुलीने मात्र स्वतः केलेले दोन छोटे गेम पाठवले होते. ते चालत होते, आणि त्यातली प्रत्येक ओळ का लिहिली हे ती सांगू शकत होती. मी तिचं नाव पुढे पाठवलं. डिग्री महत्त्वाची आहेच, पण आमच्या टेबलावर आधी उघडला जातो तो केलेला गेम.

६:४५
परतीची गर्दी. विठ्ठलवाडीला पोचेस्तोवर आठ वाजून जातात.

८:४५
काकू, मुलगा आणि माहितीपत्रकांची पिशवी. पहिलंच पत्रक ‘शंभर टक्के प्लेसमेंट’वालं. मी म्हटलं, “काकू, फी भरायच्या आधी तीन गोष्टी विचारा. पदवी देणारं विद्यापीठ कोणतं, ते यूजीसीच्या यादीत आहे का? पहिल्या दोन वर्षांत गणित आणि डेटा स्ट्रक्चर्स किती? आणि तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी केलेले गेम आत्ता दाखवतील का?”

काकूंनी विचारलं, “मग गेमची डिग्री घेऊच नये?”

“जिथे पाया पक्का आहे तिथे जरूर घ्यावी. आता मुंबईत सरकारच्या पुढाकाराने आयआयसीटी ही संस्थाही निघालीय. पण एक बघा. २०२३-२४मध्ये जगभर गेम कंपन्यांनी हजारो माणसं काढली. आपल्याकडे ऑगस्ट २०२५च्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम बंद झाले, त्यातल्याही पुष्कळांच्या नोकऱ्या गेल्या. ज्याला कोड येतो त्याला बँकेच्या, दवाखान्याच्या सॉफ्टवेअरमध्ये तरी जाता येतं. डिग्री अशी हवी की गेमचा धंदा बसला तरी पोरगा बसणार नाही.”

त्याने सीईटी दिलीय, त्यामुळे इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची कॅप फेरी भरायचीच. चांगलं कॉलेज मिळालं नाही तर लांबच्या कुठल्याही कॉलेजात लाखो रुपये भरून बी.टेक. करण्यापेक्षा इथे जवळ बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स मला बरं वाटतं. रोजचे तीन तास गाडीत न जाता घरी गेम करण्यात जातील. नव्या शैक्षणिक धोरणात चौथं वर्ष ऑनर्सचं करता येतं, पुढे परदेशात एम.एस. करायचं असेल तर ते उपयोगी पडेल. बीसीएलाही आता राज्याची वेगळी सीईटी आहे, ती त्याने दिलेली नाही, म्हणून तो पर्याय यंदा बाजूला ठेवला.

मुलगा इतका वेळ गप्प होता. मग म्हणाला, “ताई, मला गणित आवडत नाही.”

काकू त्याच्यावर ओरडणार होत्या, मी थांबवलं. हे आत्ता बोलला ते फार चांगलं झालं. त्याच्या वहीच्या मागच्या पानांवर किल्ल्यांचे नकाशे होते, प्रत्येक दरवाजावर कोणता पहारेकरी आणि तो कधी झोपतो ते लिहिलेलं. ते डिझायनरचं काम आहे. पण पुस्तकातलं गणित आवडत नाही की गणितच, हे अजून कुणालाच माहीत नाही. म्हणून फॉर्म कोड आणि डिझाइन दोन्हीकडचे भरायचे, आणि रविवारी त्याने जुना लॅपटॉप घेऊन यायचं. गोडो इंजिन फुकट आहे, त्या लॅपटॉपवर चालेल. आधी किल्ल्याचा एकच दरवाजा आणि एकच पहारेकरी करायचा. खेळाडू समोर आला की पहारेकऱ्याने वळायचं. तिथे डॉट गुणाकार लागेलच. त्याला तो कसा वाटतो ते बघून प्रवेशाचं ठरवू.