सागरस्नान व सुरक्षितता

उघड्या समुद्राच्या पुळणीवर (वाळूच्या किनाऱ्यावर) लाटांत उतरून स्नान करणे, खेळणे किंवा पोहणे यास सागरस्नान म्हणतात. विहीर, तलाव किंवा पोहण्याचा हौद यांतील पाणी स्थिर असते व त्याची खोली ठरलेली असते. पुळणीवरील पाणी सतत हलत असते आणि त्याखालील वाळूचा तळही बदलत राहतो. त्यामुळे हौदात पोहण्यात प्रवीण असलेली व्यक्तीही खवळलेल्या समुद्रात असहाय होऊ शकते. सागरस्नानातील बहुतेक अपघात खोल समुद्रात घडत नाहीत. ते किनाऱ्यालगतच्या, लाटा फुटण्याच्या अरुंद पट्ट्यात घडतात. या पट्ट्यातील पाण्याच्या हालचाली समजल्यास यांतील पुष्कळसे अपघात टाळता येतात.

लाटांचे फुटणे : खोल समुद्रातून लाट येते तेव्हा पुढे सरकते ती मुख्यत्वे ऊर्जा, पाण्याचे कण जवळजवळ जागच्या जागीच वर्तुळाकार फिरतात. उथळ पाण्यात लाटेचा वेग कमी होतो, तिची उंची वाढते व पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सु. १.३ पट उरली की ती फुटते. म्हणजे १ मी. उंचीची लाट सु. १.३ मी. खोलीवर फुटते. फुटल्यानंतर पाणी प्रत्यक्ष पुढे लोटले जाते. समुद्राच्या १ घ. मी. पाण्याचे वस्तुमान सु. १,०२५ किग्रॅ. असते. त्यामुळे कमरेएवढी दिसणारी लाटही मोठ्या माणसाला सहज आडवी पाडते.

पुळणीच्या उतारावर लाट कशी फुटेल हे अवलंबून असते. मंद उताराच्या पुळणीवर लाटेचा माथा हळूहळू सांडत येतो. अशा लाटा तुलनेने सौम्य असतात. उतार अधिक असल्यास माथा पुढे वळून एकदम कोसळतो. अशी कोसळणारी लाट अगदी काठावर फुटत असेल, तर ती माणसाला डोक्यावर आपटते व मानेच्या मणक्यांना इजा होऊ शकते. गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या, पोहण्याचा विचारही नसलेल्या लोकांनाही अशा इजा झालेल्या आहेत. अतितीव्र उतारावर लाट न फुटता उसळून वर चढते व तितक्याच जोराने मागे फिरते. या परतीच्या पाण्याबरोबर पायाखालची वाळू निघून जाते आणि तोल जातो.

सर्व लाटा सारख्या उंचीच्या नसतात. हवामानवृत्तात दिलेली लाटांची उंची ही सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. सुमारे १,००० लाटांमध्ये एखादी लाट या उंचीच्या जवळजवळ दुप्पट असणे संभवते. १० सेकंदांना एक या गतीने लाटा येत असल्यास ही वेळ पावणेतीन तासांत एकदा येते. त्याचप्रमाणे मोठ्या लाटा गटागटाने येतात व दोन गटांमध्ये काही मिनिटे समुद्र निवलेला वाटतो. अर्धा तास कोरडा राहिलेला खडक सुरक्षित आहे, हा समज याच कारणाने घातक ठरतो. खडकांवर छायाचित्रे काढताना माणसे वाहून जातात ती बहुधा अशा एखाद्या लाटेनेच.

रिप प्रवाह : फुटलेल्या लाटांमुळे किनाऱ्याकडे सतत पाणी लोटले जाते व तेथील पातळी किंचित वाढते. हे पाणी वाट सापडेल तेथून समुद्राकडे परत जाते. किनाऱ्याला समांतर असलेल्या वाळूच्या बुडीत बांधात जेथे खिंड असते, तेथून ते अरुंद व वेगवान प्रवाहाच्या रूपाने बाहेर पडते. अशा प्रवाहास रिप प्रवाह म्हणतात. ही संज्ञा अमेरिकन सागरी भूवैज्ञानिक फ्रान्सिस शेपर्ड यांनी १९३६ मध्ये सुचविली. धक्के, बंधारे व खडकाळ भूशिरे यांच्या कडेनेही असे प्रवाह वाहतात. त्यांचा वेग सामान्यतः सेकंदाला ०.३ ते ०.६ मी. असतो, परंतु तो क्वचित २ मी. पेक्षाही अधिक होतो. जगातील सर्वोत्तम जलतरणपटू ५० मी. अंतर सु. २१ सेकंदांत, म्हणजे सेकंदाला सु. २.४ मी. वेगाने कापतात व तेही अल्पकाळच. यावरून प्रवाहाविरुद्ध पोहण्याचा प्रयत्न किती निष्फळ आहे हे लक्षात येईल.

रिप प्रवाह माणसाला खाली खेचतो, हा समज चुकीचा आहे. तो समुद्राकडे वाहून नेतो व लाटा फुटण्याच्या रेषेपलीकडे क्षीण होतो. त्यात सापडलेली व्यक्ती बुडते ती प्रवाहाविरुद्ध झुंजून आलेल्या थकव्याने व घाबरून नाकातोंडात पाणी गेल्याने.

या प्रवाहाची ओळख फसवी असते. खिंडीतील पाणी आजूबाजूपेक्षा खोल असल्याने तेथे लाटा कमी फुटतात. दोन्ही बाजूंना पांढरा फेस व मध्ये गडद, शांत पट्टा असे दृश्य दिसते आणि नवखे लोक स्नानासाठी नेमकी तीच जागा निवडतात. गढूळ पाण्याचा किंवा फेसाचा समुद्राकडे सरकणारा पट्टा आणि लाटांच्या रांगेत पडलेला खंड याही त्याच्या खुणा होत. त्या काठावरून नीट दिसत नाहीत. म्हणून उतरण्यापूर्वी उंच जागेवरून दहा-पंधरा मिनिटे समुद्राचे निरीक्षण करावे.

प्रवाहात सापडल्यास प्रथम तरंगत राहावे, श्वास सावरावा व हात उंच करून मदत मागावी. त्यानंतर किनाऱ्याला समांतर, फेसाळ लाटांच्या दिशेने पोहावे. कारण जेथे लाटा फुटतात तेथे पाणी उथळ असते व लाटाच माणसाला किनाऱ्याकडे लोटतात. एका बाजूस अडथळा जाणवल्यास दिशा बदलावी. एकविसाव्या शतकात तरंगक सोडून केलेल्या निरीक्षणांत अनेक रिप प्रवाह वर्तुळाकार फिरून पुन्हा उथळ भागाकडे येतात, असे आढळले आहे. परंतु सर्वच प्रवाह तसे फिरत नाहीत. म्हणून केवळ एकाच उपायावर विसंबता येत नाही. शक्ती राखून तरंगत राहणे हाच सर्व परिस्थितींत उपयोगी पडणारा नियम आहे.

भरती-ओहोटी व ऋतुमान : महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर दिवसातून साधारणतः दोनदा भरती व दोनदा ओहोटी येते. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती येते. अशा वेळी मुंबईजवळ भरती व ओहोटी यांच्या पातळ्यांत ४ मी. पेक्षा अधिक फरक पडू शकतो. भरतीच्या सहा तासांपैकी मधल्या दोन तासांत सु. निम्मी वाढ होते. दर ५० मी. अंतराला १ मी. चढणाऱ्या पुळणीवर पाणी १ मी. वाढले, तर काठ ५० मी. आत सरकतो. ओहोटीच्या वेळी दूरच्या वाळूच्या उंचवट्यावर किंवा खडकावर गेलेल्या लोकांच्या मागील सखल भाग प्रथम भरतो व परतीची वाट बंद होते. ओहोटीच्या वेळी खाडीच्या मुखातून समुद्राकडे जोराचा प्रवाह वाहतो. तेथे कधीही पोहू नये.

जून ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे अरबी समुद्र खवळलेला असतो. कोकणातील कोळी समाजात पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवण्याची व नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करून पुन्हा मासेमारीस जाण्याची परंपरा आहे. ज्या समुद्रात जन्मभर वावरलेले लोक होडी घालत नाहीत, त्यात पर्यटकांनी उतरू नये हे उघड आहे. तथापि इतर ऋतू निर्धोक असतात असे नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी, ऐन हिवाळ्यात, रायगड जिल्ह्यातील मुरूड येथे सहलीस आलेले पुण्याचे १४ विद्यार्थी बुडून मरण पावले. दक्षिण हिंदी महासागरातील वादळांमुळे उठलेल्या लाटाही हजारो किमी. प्रवास करून, स्थानिक वारा नसताना, भारताच्या किनाऱ्यावर थडकतात. केरळात यास ‘कळ्ळक्कडल’ म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र असे नाव आहे. निरभ्र आकाश हे शांत समुद्राचे लक्षण नव्हे, हे यावरून दिसते. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र (स्थापना १९९९) उंच लाटांचे इशारे प्रसृत करते.

स्नानाचे नियम : जीवरक्षक असलेल्या पुळणीवरच व त्यांनी आखलेल्या भागातच उतरावे. लाल व पिवळ्या रंगांचा ध्वज जीवरक्षकांच्या देखरेखीखालील भाग दर्शवितो, तर लाल ध्वज धोका सुचवितो. मद्यपानानंतर व अंधार पडल्यावर पाण्यात जाऊ नये. साडी, सलवार यांसारखी वस्त्रे भिजल्यावर पायांत गुंततात. हवा भरलेल्या नळ्या व गाद्या जमिनीवरून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्याने चटकन दूर जातात. त्यांना सुरक्षा-साधन समजू नये. समुद्राकडे पाठ करून उभे राहू नये. लहान मुले पालकांच्या हाताच्या अंतरात असावीत.

बुडणारी व्यक्ती आरडाओरड करतेच असे नाही. तोंड वारंवार पाण्याखाली जात असल्याने तिला ओरडता येत नाही व हात पाणी दाबण्यात गुंतलेले असल्याने ते हलवून खूणही करता येत नाही. त्यामुळे शेजारच्या माणसांच्याही ती गोष्ट ध्यानात येत नाही.

बचाव व प्रथमोपचार : एकाला वाचविण्यासाठी दुसरा व तिसरा उतरतो आणि एकाच कुटुंबातील किंवा मित्रमंडळीतील अनेकजण बुडतात, असे वारंवार घडते. म्हणून अप्रशिक्षित व्यक्तीने पाण्यात उडी न घेता दोर, तरंगते कडे, झाकण घट्ट लावलेला रिकामा डबा यांपैकी काही फेकावे, नजर त्या व्यक्तीवर खिळवून ठेवावी व जीवरक्षकांना बोलवावे. भारतात आपत्कालीन मदतीसाठी ११२ आणि तटरक्षक दलासाठी १५५४ हे दूरध्वनी क्रमांक आहेत.

बाहेर काढलेली व्यक्ती श्वास घेत नसल्यास तिला उताणे निजवून त्वरित तोंडाने कृत्रिम श्वास द्यावा व नंतर छातीवर दाब द्यावा. ३० दाबांनंतर २ श्वास हा क्रम वैद्यकीय मदत मिळेपर्यंत चालू ठेवावा. पोट दाबून किंवा उलटे टांगून पाणी काढण्याची रूढ पद्धत हानिकारक आहे. तीमुळे अमूल्य वेळ जातो व पोटातील पदार्थ फुप्फुसांत शिरू शकतात. शुद्धीवर आलेल्या व्यक्तीसही रुग्णालयात न्यावे. कारण फुप्फुसांतील उपद्रव काही तासांनंतरही उद्‌भवू शकतात.

संघटित प्रयत्न : सागरी जीवरक्षणाची आधुनिक चळवळ ऑस्ट्रेलियात विसाव्या शतकाच्या प्रारंभी सुरू झाली. सिडनीजवळील बाँडाय पुळणीवर ६ फेब्रुवारी १९३८ रोजी लागोपाठ आलेल्या मोठ्या लाटांनंतर शेकडो लोक खोल पाण्यात ओढले गेले. जीवरक्षक मंडळाचे अनेक सदस्य त्या वेळी किनाऱ्यावर असल्याने सु. २५० लोक वाचले व मृतांची संख्या ५ वर थांबली. गोव्यात २००८ पासून पुळणींवर संघटित जीवरक्षक सेवा आहे. मुंबईतील प्रमुख चौपाट्यांवरही जीवरक्षक नेमलेले असतात. परंतु कोकणच्या लांब किनाऱ्यावरील अनेक पुळणींवर अशी सोय नसते. तेथे स्थानिक कोळी व ग्रामस्थ यांचा सल्ला हाच मोठा आधार होय. त्यांनी मनाई केलेल्या जागी पाणी शांत दिसत असले, तरी न उतरणे श्रेयस्कर ठरते.