पोस्टरवरचं नाव, मैदानावरची जागा: नवे खेळाडू आले की एफसी गोवाचा चाहता काय बघतो?

ट्रान्स्फर विंडो उघडली की एफसी गोवाच्या चाहत्यांचे मोबाईल वाजायला लागतात. नारिंगी रंगाचं पोस्टर, नव्या खेळाडूचा फोटो आणि स्वागताचे दोन शब्द. मडगावात, म्हापशात तर चर्चा होतेच, पण सावंतवाडी-बांद्यातून आणि चोर्ला घाटापलीकडच्या बेळगावातून फातोर्ड्याला मॅच बघायला जाणारेही त्याच चर्चेत असतात. बाहेरच्या माणसाला गंमत वाटते ती एका गोष्टीची. नवा खेळाडू आला तरी जुना चाहता लगेच टाळ्या वाजवत नाही. आधी कुरकुरतो, मग प्रश्न विचारतो, आणि चार-पाच सामने झाल्यावर मत देतो.

याला कुणी नकारघंटा म्हणेल. पण गेल्या दहा वर्षांत या क्लबमध्ये कोण आलं आणि कोण गेलं हे नीट बघितलं, तर ही सावधगिरी कुठून आली ते कळतं. चाहत्याचे प्रश्न साधारण पाच असतात.

पहिला प्रश्न: गेला कोण?

नवा कोण आला याच्या आधी चाहता विचारतो, जुना कोण गेला. याचं कारण २०२० सालात आहे.

२०१९-२० च्या मोसमात एफसी गोवाने आयएसएलची साखळी पहिल्या क्रमांकावर संपवली आणि लीग विनर्स शिल्ड जिंकली. त्यामुळे एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटात थेट खेळणारा हा पहिला भारतीय क्लब ठरला. त्या संघाचा कणा होता मधल्या फळीत अहमद जाहू आणि ह्यूगो बूमूस, बचावात मुर्तदा फॉल आणि डाव्या बाजूला गोव्याचाच मंदार राव देसाई. बूमूस तर त्या मोसमातला लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता.

पुढचा मोसम सुरू होईपर्यंत हे चौघेही मुंबई सिटीत गेले होते. बूमूससाठी मुंबईने रिलीज क्लॉजची रक्कम मोजली. करारातच आकडा लिहिलेला असतो. तो आकडा कुणी भरला आणि खेळाडू तयार असला, की आधीच्या क्लबला अडवता येत नाही. ज्यांनी हा संघ बांधला ते प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांना गोव्याने साखळी संपायच्या आधीच दूर केलं होतं. तेही मुंबईचेच प्रशिक्षक झाले.

नियतीने लगेच हिशेब मांडला. कोविडमुळे २०२०-२१ चा अख्खा मोसम गोव्यातच, प्रेक्षकांविना झाला. उपांत्य फेरीत गोवा आणि मुंबई समोरासमोर आले. पहिला सामना २-२. मुंबईचे दोन गोल कुणी केले? बूमूस आणि फॉल. दुसरा सामना ०-०, आणि पेनल्टीवर मुंबई ६-५ ने जिंकली. पुढे फातोर्ड्यावरच अंतिम सामना जिंकून मुंबईने चषक नेला, शिल्ड तर आधीच घेतली होती. गोव्याच्या चाहत्याने हे सगळं घरी टीव्हीवर बघितलं.

तेव्हापासून नव्या खेळाडूचं पोस्टर आलं की त्याची नजर आधी रिकाम्या झालेल्या जागेवर जाते. बचावातला माणूस गेला आणि आणलाय विंगर, मग भोक बुजलं कुठे? नाव कितीही मोठं असलं तरी हा प्रश्न सुटत नाही.

दुसरा प्रश्न: वय आणि नाव यात किती गुंतायचं?

परदेशातून आलेला खेळाडू तिशी ओलांडलेला असला की "पेन्शनर आणलाय" अशी शेरेबाजी होतेच. गोव्याचा अनुभव मात्र वेगळाच आहे.

फेरान कोरोमिनास, म्हणजे सगळ्यांचा कोरो, २०१७ मध्ये आला तेव्हा ३४ वर्षांचा होता. स्पेनमध्ये एस्पान्योलला २००६ साली शेवटच्या क्षणी गोल करून खालच्या श्रेणीत जाण्यापासून वाचवणारा म्हणून त्याची ओळख, पण ती गोष्ट ११ वर्षं जुनी झाली होती. गोव्यात त्याने पहिल्या मोसमात १८, दुसऱ्यात १६ आणि तिसऱ्यात १४ गोल केले. ५७ सामन्यांत ४८ गोल. पहिली दोन वर्षं गोल्डन बूट त्याचाच.

कोरो गेल्यावर आला इगोर अंगुलो, ३६ वर्षांचा. "आता हा काय धावणार?" असं म्हणणाऱ्यांना त्याने १४ गोल करून गप्प केलं. २०२०-२१ चा गोल्डन बूट त्याला मिळाला.

उलट उदाहरणही याच क्लबचं आहे. २०२२ मध्ये आल्वारो वास्केझ केरळ ब्लास्टर्सकडून आला. भारतात आधीच गोल करून दाखवलेला, नावाजलेला फॉरवर्ड. चाहते खूश होते. पण गोव्यात त्याचा सूर काही लागला नाही. त्याच वर्षी त्याच्यापेक्षा कमी गाजावाजात आलेले इकेर ग्वारोचेना आणि नोआ सादोई हेच संघाचा भार उचलत राहिले.

म्हणून जाणता चाहता जन्मतारीख बघून निकाल देत नाही. तो बघतो की खेळाडू गेल्या वर्षभरात किती सामने खेळलाय, दुखापतीतून उठून आलाय का, आणि संघात त्याला चेंडू पुरवणारा कुणी आहे का. कोरोला मागून पास देणारे जाहू, बूमूस आणि ब्रँडन फर्नांडिस होते, हे विसरून चालत नाही.

तिसरा प्रश्न: परदेशींच्या गणितात हा बसतो का?

नव्या प्रेक्षकाला ही गोष्ट पटकन समजत नाही. आयएसएलमध्ये २०२१-२२ पासून एका वेळी मैदानात फक्त चार परदेशी खेळाडू उतरवता येतात. त्याआधी पाच चालायचे. म्हणजे अकरा जणांत किमान सात भारतीय हवेतच. चार परदेशींत एक स्ट्रायकर, एक-दोन मधल्या फळीतले आणि एक बचावातला अशी वाटणी झाली, की पाचव्या चांगल्या परदेशीला बाकावर बसावं लागतं.

२०२० मध्ये गोव्याने जेम्स डोनाची हा ऑस्ट्रेलियन बचावपटू घेतला. स्पॅनिश खेळाडूंच्या संघात ऑस्ट्रेलियन कशाला, असं तेव्हा अनेकांना वाटलं. कारण नियमात होतं. आयएसएलमध्ये एक परदेशी आशियाई महासंघाच्या देशातला असणं सक्तीचं होतं आणि ऑस्ट्रेलिया त्या महासंघात येतो. २०२१ च्या एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये तर तीन परदेशी आणि एक आशियाई एवढीच मुभा होती. त्यामुळे डोनाची संघात, आणि लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा अंगुलो यादीबाहेर. चाहते चिडले. पुढच्या मोसमात अंगुलो मुंबई सिटीच्या जर्सीत दिसला तेव्हा तर जुन्या जखमेवर मीठच पडलं.

या गणितामुळेच भारतीय खेळाडूंची भरती जास्त महत्त्वाची ठरते, जरी पोस्टरवर त्यांना कमी लाइक मिळत असले तरी. जानेवारी २०२१ मध्ये एटीके मोहन बागानकडून धीरज सिंग हा गोलकीपर आला. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताची गोलपोस्ट त्यानेच सांभाळली होती, पण नंतर तो मागे पडला होता. तीन महिन्यांत चित्र पालटलं. चॅम्पियन्स लीगमध्ये अल-रय्यान आणि अल-वहदा या संघांशी गोव्याने लागोपाठ ०-० अशी बरोबरी साधली, त्यात धीरजचे हात होते. त्या स्पर्धेत गुण मिळवणारा पहिला भारतीय क्लब गोवा ठरला तो असा. त्या वर्षीची सगळ्यात मोलाची भरती कोणती, असं विचारलं तर अनेक चाहते अंगुलोच्या बरोबरीने धीरजचं नाव घेतात.

चौथा प्रश्न: हा क्लबचा माणूस की कोचचा?

नवा कोच आला की त्याच्या ओळखीचे खेळाडू मागोमाग येतात. मानोलो मार्केझ यांनी हैदराबाद एफसीला २०२२ मध्ये आयएसएल विजेता केलं होतं, तेही फातोर्ड्यावर. २०२३ मध्ये ते गोव्यात आले आणि त्यानंतर हैदराबादमध्ये त्यांच्यासोबत असलेले ओदेई ओनाइंदिया, बोर्हा हेरेरा, मोहम्मद यासिर असे चेहरे एकेक करून नारिंगी जर्सीत दिसू लागले.

यात फायदा आहे. खेळाडूला पद्धत माहीत असते, शिकवण्यात दोन महिने जात नाहीत. मे २०२५ मध्ये गोव्याने जमशेदपूरला ३-० हरवून सुपर कप जिंकला, त्यात दोन गोल बोर्हाचे होते.

पण धोकाही तेवढाच. कोच गेला की त्याची माणसं उघडी पडतात. डिसेंबर २०२१ मध्ये, ऐन मोसमाच्या मध्यात, हुआन फेरांदो रिलीज क्लॉजच्या आधारे एटीके मोहन बागानला गेले. दोनच महिन्यांपूर्वी त्यांनी गोव्याला ड्युरंड कप जिंकून दिला होता. तो मोसम गोव्याने नवव्या क्रमांकावर संपवला.

हैदराबादच्या मराठी वाचकांना तर यापेक्षा कटू गोष्ट ठाऊक आहे. विजेता झाल्यावर दोन वर्षांच्या आत त्यांचा क्लब आर्थिक अडचणीत सापडला, पगार थकले, खेळाडू पांगले, आणि २०२५ मध्ये क्लबच दिल्लीला गेला. गोव्याने ज्यांचं स्वागत केलं, त्यांतल्या काहींची पाठवणी कुणीतरी हैदराबादेत बसून बघितली होती. म्हणून करार किती वर्षांचा आणि पगार वेळेवर होतो का, हे प्रश्न चाहत्याला कोरडे वाटत नाहीत.

पाचवा प्रश्न: आपल्या पोराची जागा कुठे?

हा प्रश्न सगळ्यात जिव्हाळ्याचा. आय-लीगची २००७-०८ पासून २०१२-१३ पर्यंतची सहाच्या सहा विजेतेपदं गोव्यातल्या क्लबांनी जिंकली होती: धेंपोने तीन, चर्चिल ब्रदर्सने दोन, साळगावकरने एक. त्या संघांत गावागावांतली पोरं खेळायची. २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लुब हे तिघे आय-लीगमधून बाहेर पडले. मग वरच्या दर्जाचं फुटबॉल बघायचं तर चाहत्याचा मुख्य आधार उरला एफसी गोवा. त्यामुळे या एका क्लबकडून अपेक्षा दुप्पट: जिंकाही आणि गोंयकारांना खेळवाही.

दोन्ही एकदम जमणं कठीण. मंदार क्लबच्या पहिल्या मोसमापासून इथे होता आणि २०२० ला गेला. मडगावचा ब्रँडन फर्नांडिस सात मोसम खेळला, कप्तान झाला, आणि २०२४ मध्ये मुंबईला गेला. चाहत्यांना याचा राग येतो, पण खेळाडूचं करिअर छोटं असतं हेही ते जाणतात. रागाचा रोख बहुतेक वेळा खेळाडूवर कमी आणि पर्यायाची तयारी न ठेवण्यावर जास्त असतो.

पर्याय उभा राहिला की तेच चाहते डोक्यावर घेतात. ब्रँडन गेला त्याच मोसमात ब्रायसन फर्नांडिसने लीगमध्ये सात गोल केले. बाहेरून महागडा विंगर आणला असता तर त्याला एवढा वेळ मैदानात मिळाला असता का, हा प्रश्न फातोर्ड्याच्या स्टँडमध्ये आजही विचारला जातो.

मग मत बनवायचं कसं?

२०२५ च्या उन्हाळ्यातली भरती या पाच प्रश्नांवर घासून बघता येते. तेव्हा लीगचं भवितव्यच अधांतरी होतं. जुलैत पुढचा मोसम तूर्त थांबवल्याचं क्लबांना कळवण्यात आलं. तरीही गोव्याने एएफसी चॅम्पियन्स लीग टू साठी खेळाडू घेतले. त्यात हावी सिवेरिओ होता. जमशेदपूरकडून आलेला, भारतातली हवा आणि मैदानं ओळखणारा, आणि हैदराबादेत मानोलोंच्या हाताखाली खेळलेला. नाव फार मोठं नाही, पण बसणारं. ऑगस्टमध्ये ओमानच्या अल-सीबला गोव्याने २-१ हरवून गटात जागा मिळवली, त्यातला एक गोल सिवेरिओचा.

ऑक्टोबरमध्ये सौदीचा अल-नस्र फातोर्ड्यावर आला. क्रिस्तियानो रोनाल्डो आला नाही, तरी स्टेडियममध्ये उत्साह होता. गोवा १-२ ने हरलं. गोव्याचा तो एकमेव गोल मात्र विकत आणलेल्या कुणाचा नव्हता, ब्रायसनचा होता.

नव्या खेळाडूकडून चाहत्याला काय हवं असतं, ते यातून कळतं. बाहेरून येणाऱ्याने संघ एवढा भक्कम करावा की ब्रायसनसारख्याला अल-नस्रसमोर उभं राहायची संधी मिळावी. पुढच्या विंडोत नवं पोस्टर आलं की लाइक करायला हरकत नाही. फक्त त्याआधी गेल्या महिन्यात निरोपाचं पोस्टर कुणाचं आलं होतं, ते एकदा मागे जाऊन बघावं.