डोळ्यांतले पाणी आटते तेव्हा

चिंच आठवली की तोंडाला पाणी सुटते, कांदा चिरताना डोळे भरून येतात. हे इतके सहज घडते की त्यामागे काही ग्रंथी राबत असतात हे आपल्या ध्यानातही येत नाही. आपल्या तोंडात दिवसाकाठी सुमारे अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती आटली तर भाकरीचा घास पाण्याशिवाय गिळवत नाही, बोलताना जीभ टाळूला चिकटते, दात भराभर किडतात. अश्रू आटले तर डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते.

हेन्रिक श्योग्रेन या स्वीडिश नेत्रतज्ज्ञाने १९३३ साली आपल्या प्रबंधात अशा १९ स्त्रियांची नोंद केली. त्यांपैकी १३ जणींना संधिवातही होता. मग डोळे, तोंड आणि सांधे यांचा परस्परांशी संबंध काय? हा संबंध आहे रक्तातून सर्वत्र फिरणाऱ्या लसिकापेशींचा.

या पांढऱ्या पेशींचे दोन मुख्य गट म्हणजे टी-पेशी आणि बी-पेशी. टी-पेशी थायमस ग्रंथीत घडतात. तेथे जणू त्यांची परीक्षाच होते. शरीराच्या स्वतःच्याच प्रथिनांना घट्ट चिकटणाऱ्या बहुतेक पेशी तेथेच नष्ट होतात. पण कोणतीही चाळणी परिपूर्ण नसते. निसटलेल्या पेशींना एरवी नियंत्रक टी-पेशी आवरून धरतात. श्योग्रेनच्या रोगात हा आवर सुटतो.

ओठाच्या आतील छोट्या लाळग्रंथींचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर नलिकांभोवती लसिकापेशींचे पुंजके दिसतात. ४ चौरस मिलिमीटर क्षेत्रात ५० किंवा अधिक पेशींचा एक पुंजका आढळला तरी निदानाला बळकटी येते. सुरुवातीला तेथे मदतनीस टी-पेशी अधिक असतात. त्यांच्या रासायनिक संदेशांमुळे बी-पेशी चेतवल्या जातात आणि ‘रो’ व ‘ला’ या आपल्याच प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे बनवू लागतात. नलिकांच्या पेशीही बी-पेशींना जगवणारे एक प्रथिन स्रवतात. असे हे दुष्टचक्र चालू राहते.

तरीही ग्रंथीतील सर्व पेशी मरत नाहीत. उरलेल्यांना चेतातंतूंचा संदेश नीट पोचत नाही, म्हणून त्या स्तब्ध होतात. पिलोकार्पिन हे औषध त्या संदेशाची नक्कल करते, त्यामुळे काही रुग्णांची लाळ वाढते. मूळ रोग मात्र त्याने बरा होत नाही.

रुग्णांत दहापैकी सुमारे नऊ स्त्रिया असतात. त्यांची तक्रार पुष्कळदा ‘वयोमानाने होते’ म्हणून सोडून दिली जाते. हे योग्य नाही. ‘रो’विरोधी प्रतिपिंडे वारेतून गर्भात जातात आणि क्वचित बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावतात. थोड्या रुग्णांत अतिचेतवलेल्या बी-पेशींतून लसिकाग्रंथींचा कर्करोग उद्भवतो.

प्राथमिक तपासणी मात्र अगदी साधी आहे. गाळणकागदाची पट्टी खालच्या पापणीत अडकवतात. ५ मिनिटांत ती ५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी भिजली, तर अश्रू अपुरे आहेत असे समजतात. अर्थात कोरडेपणा काही औषधांमुळेही येतो, त्यामुळे लगेच घाबरण्याचे कारण नाही. पण तो तीन महिन्यांहून अधिक टिकला, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवे.