शहरातून निघाले, पण शर्यत अजून सुरू नाही

टूर द फ्रान्स पहिल्यांदाच पाहणारा हमखास गोंधळतो. शहराच्या चौकातून पावणेदोनशेच्या आसपास सायकलपटू निघतात, टाळ्या पडतात, पण जोर कुणीच लावत नाही. कुणी शेजाऱ्याशी गप्पा मारतोय, कुणी जॅकेट काढून खिशात कोंबतोय. पुढे एक लाल मोटार चाललेली असते आणि तिला ओलांडायला मनाई असते. असे बरेच किलोमीटर जातात. मग त्या मोटारीच्या छतातून वर आलेले शर्यतीचे संचालक क्रिस्तियाँ प्रुदोम झेंडा हलवतात, मोटार वेगाने पुढे निघते आणि खरी शर्यत सुरू होते. झेंड्याआधीच्या या पट्ट्याला ‘न्यूट्रल झोन’ म्हणतात. त्याच्याबद्दल बरेच गैरसमज आहेत.

सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे ही निव्वळ मिरवणूक आहे. मिरवणुकीचा भाग आहेच. यजमान शहर या मानासाठी पैसे मोजतं, तेव्हा तिथल्या लोकांना खेळाडू डोळे भरून पाहता यावेत ही अपेक्षा रास्त आहे. पण मुख्य कारण रस्त्यात दडलेलं आहे. युरोपातल्या जुन्या शहरांचे मध्यभाग अरुंद असतात. दगडी फरसबंदी, ट्रामचे रूळ, गोल चौक, गतिरोधक आणि दोन्ही बाजूंना गर्दी. त्यात त्या दिवसाच्या टप्प्याच्या सुरुवातीलाच ताफ्यातून निसटून आघाडी घ्यायला अनेक जण टपलेले असतात. चौकातच झेंडा हलवला, तर ही झुंबड ऐन बाजारपेठेत उडेल. म्हणून खरी सुरुवात शहराबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर केली जाते.

दुसरं कारण टीव्हीवर फारसं दिसत नाही, पण तितकंच महत्त्वाचं आहे. प्रत्येक संघाच्या मोटारी टपावर जादा सायकली घेऊन ताफ्यामागे चालतात. चौकात त्यांना रांग लावायला जागाच नसते. ती न्यूट्रल झोनमध्ये लागते. तिथे एखाद्याची सायकल पंक्चर झाली किंवा कुणी पडलं, तर संचालक झेंडा लांबवू शकतात आणि मागे राहिलेला ताफ्यात परत येऊ शकतो. पहिल्याच मिनिटाच्या पंक्चरने कुणाचा अख्खा दिवस वाया जाऊ नये, हा साधा न्याय त्यामागे आहे.

हे अंतर निकालात धरतात, असंही अनेकांना वाटतं. तसं नाही. घड्याळ आणि किलोमीटर दोन्ही खऱ्या सुरुवातीपासून, म्हणजे ‘किलोमीटर शून्य’पासून मोजतात. २०१४ साली टूर इंग्लंडमधल्या लीड्सहून निघाली. ताफा हेअरवुड हाउसपाशी थांबला, तिथे राजघराण्यातल्या केट यांनी फीत कापली आणि त्यानंतर शर्यत सुरू झाली. त्या टप्प्याच्या १९०.५ किलोमीटरमध्ये लीड्सपासून तिथवरचं अंतर धरलेलं नाही.

‘अंग गरम करायला असतो हा पट्टा’ हे स्पष्टीकरणही अर्धवट आहे. सुरुवातीलाच घाट असेल, तर खेळाडू निघण्याआधी संघाच्या बसपाशी एका जागी उभ्या केलेल्या सायकलवर घाम गाळून घेतात. न्यूट्रल झोनचा मंद वेग त्यासाठी पुरत नाही.

आणि हा पट्टा सुरक्षित असतो, हा समज तर फार महागात पडू शकतो. २०२० च्या जिरो द’इतालिया या इटलीतल्या अशाच शर्यतीचा तिसरा टप्पा सिसिलीत एन्नाहून एटना ज्वालामुखीकडे जाणार होता. २०१८ ची टूर जिंकलेला गेरेंट थॉमस जेतेपदाच्या प्रमुख दावेदारांत होता. न्यूट्रल झोनमध्येच रस्त्यावर घरंगळत आलेली पाण्याची बाटली त्याच्या चाकाखाली आली आणि तो कोसळला. उठून त्याने टप्पा पुरा केला, पण एटनाच्या चढावर तो बारा मिनिटांहून जास्त मागे पडला. दुसऱ्या दिवशी तपासणीत ओटीपोटाचं हाड मोडल्याचं निघालं आणि त्याची शर्यत संपली. २०१३ च्या टूरमध्ये ख्रिस फ्रूमही कॉर्सिकातल्या पहिल्याच टप्प्यात झेंड्याआधी पडला होता. त्याला फारशी इजा झाली नाही आणि ती टूर त्यानेच जिंकली. वेग कमी असला, तरी चाकाला चाक लागून इतके लोक एकत्र चालतात, लक्ष थोडं सैल असतं, आणि पुढची जागा पटकावायची रेटारेटीही चालू असते.

एकेकट्याने घड्याळाविरुद्ध धावायच्या टाइम ट्रायलमध्ये मात्र न्यूट्रल झोन नसतो. तिथे ताफाच नसतो आणि प्रत्येकाचं घड्याळ उतरणीच्या फळीवरूनच सुरू होतं.

सायकल शर्यती आपल्याकडेही भरतात. भरवणाऱ्यांना आग्रहाने सांगावंसं वाटतं: उद्घाटन पाहुण्यांच्या हस्ते खुशाल चौकात करा, पण घड्याळ गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर सुरू करा, आणि तिथवर ताफ्यापुढे एक मोटार ठेवा.