दम्याचा वारसा आणि गोठ्याची धूळ

मुलाला रात्री-अपरात्री धाप लागू लागली आणि दम्याचे निदान झाले, की घरातल्या वडीलधाऱ्यांची पहिली तहकीकात वंशावळीची असते. आजोबांना हा विकार होता काय, की तो आईच्या माहेरकडून आला, याचा शोध सुरू होतो आणि बहुधा निवाडाही तेथेच होऊन जातो. या तहकीकातीत तथ्य नाही असे नाही. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांत या प्रवृत्तीचा मोठा अंश आनुवंशिक असल्याचे आढळले आहे, आणि सतराव्या गुणसूत्राच्या एका भागातील भेदांचा बालपणीच्या दम्याशी संबंध असल्याचे २००७ साली उघडकीस आले. परंतु माणसाची जनुके दोन-तीन पिढ्यांत पालटत नाहीत, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दमा मात्र अनेक देशांत झपाट्याने वाढला. तेव्हा केवळ वंशावळ वाचून या विकाराची कैफियत पुरी होत नाही.

अमेरिकेतील आमिश आणि हटराइट हे दोन शेतकरी समाज या दृष्टीने मोठे उद्बोधक आहेत. दोघांचेही पूर्वज मध्य युरोपातले, आनुवंशिक ठेवण बरीचशी सारखी, आहार मिळताजुळता, मुलांना दीर्घकाळ अंगावर पाजण्याची रीत सारखी, तंबाखूचा धूर दोन्हीकडे विरळा. आणि तरीही शाळकरी मुलांतील दम्याचे प्रमाण आमिशांत सुमारे ५ टक्के, तर हटराइटांत २१ टक्क्यांवर! इंडियानातील आमिश कुटुंब घराजवळच्या गोठ्यात गाई-घोडे बाळगते आणि मुले लहानपणापासून तेथे वावरतात, तर दक्षिण डाकोटातील हटराइटांची सामुदायिक शेती यंत्रावर चालते आणि मुलांचा गुरांशी तसा नित्य संबंध येत नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आमिश घरांच्या धुळीत जिवाणूंच्या कवचातील एंडोटॉक्सिन हा घटक जवळजवळ सातपट आढळला. ही धूळ उंदरांच्या नाकात घातली असता त्यांना दम्यासारख्या विकारापासून संरक्षण मिळाले. हटराइट घरांच्या धुळीने ते मिळाले नाही. मात्र ज्या उंदरांत जन्मजात प्रतिकारशक्तीचे संदेश पोहोचविणारी जनुके निकामी केली होती, त्यांच्यावर आमिश धुळीचाही प्रभाव पडला नाही, म्हणजे बाहेरच्या हितकर गोष्टीलाही आत कोणीतरी दाद देणारे असावे लागते.

याहून मार्मिक निष्कर्ष युरोपातील ग्रामीण बालकांच्या अभ्यासातून निघाला. सतराव्या गुणसूत्रावरील ज्या भेदामुळे मुलाची छाती घरघरण्याचा धोका वाढतो, तोच भेद असलेल्या बालकांना गोठ्याच्या सहवासाचा लाभ विशेष झाला. जनुकाचा हा लेख एकतर्फी शिक्षेचा हुकूमनामा नसून परिस्थितीचे बरेवाईट संस्कार अधिक उत्कटतेने ग्रहण करण्याची ती प्रवृत्ती आहे, असा याचा अर्थ.

यावरून धूळ तेवढी औषधी असे कोणी समजू नये. शहरी खोलीतील झुरळांचे अवशेष, ओलीची बुरशी, वाहनांचा आणि विडी-सिगारेटचा धूर यांनी दमा बळावतोच, आणि ज्याला तो जडला आहे त्याला गोठ्यात नेऊन श्वासावाटे घ्यावयाचे औषध बंद करणे हा अविचारच ठरेल. मात्र ज्या घरात वारसा ठाऊक आहे, तेथे सुनेच्या माहेरावर ठपका ठेवण्यात वेळ दवडण्यापेक्षा गर्भवतीच्या आणि तान्ह्या मुलाच्या आसपास धूर होऊ न देणे हे कर्तव्य अधिक निकडीचे आहे. कारण ज्या मुलाची प्रवृत्ती हळवी, त्याच्या बाबतीत परिस्थितीचे मोलही तितकेच अधिक.