शहर आधी जमिनीखाली वसतं

मुलांनो, नवाकोरा डांबरी रस्ता झाला आणि महिन्याभरात कुणीतरी येऊन तो खणला, असं तुम्ही पाहिलं असेल. मग मोठी माणसं वैतागतात, "पाइप आधी टाकायला काय झालं होतं?" प्रश्न अगदी बरोबर आहे! नवं शहर वसवताना तोच सगळ्यात आधी सोडवावा लागतो.

तळ्याहून एस.टी.ने मुंबईला निघालात, की पनवेलच्या पुढे असं एक शहर लागतं. नवी मुंबई! मुंबईतली गर्दी कमी व्हावी म्हणून ते वसवायचं ठरलं. १७ मार्च १९७० रोजी त्यासाठी 'सिडको' हे महामंडळ स्थापन झालं. ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतल्या ९५ गावांची जमीन त्यात आली. कचेऱ्या आणि व्यापार यांच्यासाठी बेलापूरला नवं केंद्र आखलं गेलं. आज तिथे कोकण भवन, सिडको भवन अशा मोठमोठ्या इमारती दिसतात.

पण इमारती शेवटी येतात बरं का! आधी येतो उतार. सांडपाणी उताराने आपोआप वाहतं, म्हणून मलवाहिनी सर्वांत खोल घालतात. पिण्याच्या पाण्याची वाहिनी तिच्यापासून दूर आणि वरच्या पातळीवर ठेवतात. का? मलवाहिनी कधी गळली, तरी घाण पिण्याच्या पाण्यात मिसळू नये म्हणून. मग विजेच्या आणि टेलिफोनच्या केबल. हे सगळं झालं, की मुरूम, खडी, रोलर आणि सर्वांत वर डांबर. म्हणजे रस्ता हे शहराचं झाकणच म्हणा ना!

आता खरी गंमत. नवी मुंबईचा बराच भाग खाडीकाठची सखल जमीन. खाडीला दिवसातून दोनदा भरती येते. नेमका तेव्हाच मुसळधार पाऊस पडला, तर पाणी जाणार कुठे? उलट खाडीचंच पाणी गटारातून शहरात शिरेल! यासाठी खाडीकाठी मोठे धारण तलाव केले आहेत. त्यांना झडपेची दारं असतात. भरतीचं पाणी बाहेरून रेटलं, की दार मिटतं आणि पावसाचं पाणी तलावात थांबतं. ओहोटी लागली, की आतल्या पाण्याच्या जोराने दार उघडतं आणि तलाव रिकामा होतो.

इंजिनियर याला हॉलंडची पद्धत म्हणतात. पण आपल्या रायगडच्या खारजमिनीत बांधाला उघाडी असते, ती आठवा. ती तरी दुसरं काय करते? भरतीचं खारं पाणी बाहेर ठेवते, शेतातलं पाणी ओहोटीला सोडते. आपले शेतकरी हे काम पिढ्यान् पिढ्या करत आले आहेत.

याच शेतकऱ्यांच्या जमिनीवर हे शहर उभं राहिलं, हे विसरायचं नाही. योग्य मोबदला मिळावा म्हणून दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये उरण भागात मोठं आंदोलन झालं. गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. त्यानंतर जमीन गेलेल्यांना साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आली.

एवढं मोल देऊन उभारलेलं शहर नंतर जपावंही लागतं. धारण तलावांत आता गाळ साचला आहे. त्यात खारफुटीही वाढली आहे. गाळ काढला नाही, तर पाणी साठायला जागा राहत नाही. खारफुटी तोडावी, तर ती किनारा राखते, माशांच्या पिल्लांना आसरा देते आणि कायद्यानेही तिला संरक्षण आहे. सोपं उत्तर नाही!

आपल्या तळ्यातही वस्ती वाढते आहे. या पावसाळ्यात आईबाबांबरोबर एक काम करा. घरासमोरचं पाणी कुठून येतं, कोणत्या गटारातून, कोणत्या ओढ्याला जातं, याचा नकाशा वहीत काढा. ते कुठे अडतंय, तिथे लाल खूण करा. ती वही नगरपंचायतीत नेऊन दाखवायला विसरू नका. नवा रस्ता होण्याआधी हं, नंतर नाही!