प्रतिकृती रेल्वे : वाफेच्या गाड्यांचे वास्तव चालन

खऱ्या रेल्वेचे रूळ, एंजिने, डबे, स्थानके व भोवतालचा प्रदेश ठराविक प्रमाणात लहान करून उभारलेल्या चालत्या मांडणीस प्रतिकृती रेल्वे म्हणतात. केवळ वर्तुळात फिरणारे खेळणे आणि ही मांडणी यांत फरक आहे. येथे गाडी कोठून निघाली, कोठे जाणार व वाटेत कोणती कामे करणार, हे निश्चित असावे लागते. वाफेच्या युगातील मांडणीत ही अट विशेष कडक असते.

प्रमाण : सर्वांत प्रचलित ‘एचओ’ प्रमाण १ : ८७ असून त्यातील रुळांमधील अंतर १६·५ मिमी. असते. हे अंतर १,४३५ मिमी. या प्रमाणमापी मार्गाशी जुळते. भारतातील रुंदमापी मार्ग १,६७६ मिमी. असल्याने १ : ८७ प्रमाणात रुळांमधील अंतर सु. १९·३ मिमी. हवे. तयार रूळ वापरल्यास भारतीय एंजिन किंचित अरुंद पायावर उभे असल्यासारखे दिसते. बहुतेक हौशी कारागीर ही तडजोड स्वीकारतात. काटेकोर कारागीर रूळ स्वतः बसवतात.

लांबी मात्र कोणालाच पूर्णपणे पाळता येत नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे हा सु. ३४ किमी.चा मार्ग सुरू झाला व १८५४ मध्ये तो कल्याणपर्यंत वाढला. मूळचा ३४ किमी.चा टप्पा १ : ८७ प्रमाणात सु. ३९० मी. होईल. १९१६ मध्ये खुला झालेला सु. १·३ किमी.चा पारसिक बोगदाच १५ मी. जागा घेईल. म्हणून स्थानकांमधील अंतर आखडतात, परंतु स्थानकातील रुळांची परस्पर रचना बदलत नाहीत. खाडीवरील पूल, बोगदा आणि पुणे व इगतपुरी या दिशांचे मार्ग जेथे फुटतात ते कल्याण जंक्शन, एवढ्या खुणा योग्य क्रमाने आल्या की प्रदेश ओळखू येतो. अंतर आखडल्याने वेळही आखडावी लागते. त्यासाठी सहापट वेगाने चालणारे घड्याळ लावल्यास वेळापत्रकातील एक तास दहा मिनिटांत पुरा होतो.

वेग व चढ : ताशी ६० किमी. वेगाची गाडी १ : ८७ प्रमाणात सेकंदाला सु. १९ सेंमी. एवढीच सरकते. नवशिके बहुधा याहून पुष्कळ जलद गाडी हाकतात व त्यामुळे वजनाचा भास नाहीसा होतो. मालगाडी हळूहळू वेग घेते आणि हळूहळू थांबते. नियंत्रकाची कळ त्याच बेताने फिरवावी लागते. भोर व थळ घाटांतील १ : ३७ चढ दाखवावयाचा, तर १० सेंमी. उंची गाठण्यास ३·७ मी. रूळ लागतात. अशा चढावर गाडीस मागून रेटणारे जादा एंजिन जोडणे हा देखावा नसून वास्तवातील गरजेचेच अनुकरण होय.

एंजिनाची कामे : वाफेचे एंजिन सामान्यतः एका तोंडाने पुढे चालविण्यासाठी बांधलेले असते. प्रवास संपल्यावर ते गाडीपासून सोडवावे, शेडमध्ये न्यावे, राख काढावी, कोळसा व पाणी भरावे, फिरत्या मंचावर वळवावे आणि मगच परतीच्या गाडीला जोडावे. शेड, पाण्याचा नळ व फिरता मंच यांविना मांडणी अपुरी राहते. सांध्यांवरील शंटिंग, हात-सिग्नलांची पडझड, मालगाडीच्या शेवटी गार्डचा डबा व त्यावरील लाल दिवा हे तपशीलही तितकेच आवश्यक असतात.

कालनिश्चिती : मांडणी कोणत्या वर्षाची, हे आधी ठरवावे लागते. खंडाळ्याजवळच्या उलटदिशा स्थानकात गाडी थांबून विरुद्ध दिशेने पुढील चढ चढत असे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाअखेर ही व्यवस्था संपली. १९३० पर्यंत कल्याणहून पुणे व इगतपुरी या दोन्ही दिशांना विद्युत् कर्षण पोहोचले. त्यामुळे त्या स्थानकात १९४७ साली आलेले डब्ल्यूपी जातीचे एंजिन उभे केले, तर प्रत्येक वस्तू अचूक असूनही दृश्य खोटे ठरते. उलट, तारा नसलेल्या घाटात वाफेची गाडी दाखविणे त्याआधीच्या काळाला धरून आहे.

महत्त्व : पुण्यात भाऊसाहेब जोशी यांच्या प्रयत्नांतून १९९८ मध्ये उभे राहिलेले लघुरेल्वे संग्रहालय महाराष्ट्रातील या छंदाचे परिचित उदाहरण आहे. संग्रहालयात उभे असलेले खरे एंजिन आपला आकार सांगते; त्याच्याभोवती चालणारे काम मात्र सांगत नाही. एंजिन कोणत्या क्रमाने वळवले जाई, सांधेवाला केव्हा सांधा बदली, घाटात गाडी का थांबे, हे ज्ञान नकाशे, छायाचित्रे व त्या काळच्या कामगारांच्या आठवणी यांत विखुरलेले असते. काळजीपूर्वक चालविलेली प्रतिकृती ते एकत्र आणून पडताळून पाहते. चुकीचा क्रम लावल्यास गाडी रुळांवर अडते व चूक लगेच उघड होते. या अर्थाने अशी मांडणी छंद असूनही औद्योगिक इतिहासाचे एक साधन ठरते.